लहान मुलाची शुगर लो झाली तर: नागपूरच्या नव्या पालकांसाठी

टाइप वन मधुमेहाचं निदान होऊन लेकरू दवाखान्यातून घरी आलं की सुरुवातीला आईबापाचं सगळं लक्ष सुईवर असतं. कुठं टोचायची, किती युनिट, रडलं तर कसं धरायचं. शुगर वाढू नये हा धाक मनात पक्का बसलेला असतो. पण घरी आल्यावर मिनिटांत हाताळावी लागते ती उलटी गोष्ट, शुगर खाली जाणं. वाढलेल्या शुगरला डॉक्टरांना फोन करून विचारायला बहुतेकदा वेळ मिळतो. खाली गेलेली शुगर तेवढं थांबत नाही.

आमच्या लेकीला हा आजार ती बोबडं बोलायची तेव्हापासून आहे, आणि नव्यानं आलेल्या पालकांशी बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लो शुगरवरचं औषध प्रत्येक घरात असतं. चमचाभर ग्लुकोज किंवा साखर. तयारी मात्र नसते. किती द्यायचं ते ठाऊक नसतं, शुगर मोजायचं मीटर वरच्या मजल्यावर असतं, घरी आजी एकटी असते आणि तिच्या मनात पक्कं बसलेलं असतं की शुगरच्या पेशंटला साखर म्हणजे विष. खाली लिहिलंय ते या तयारीबद्दल. तुमच्या मुलासाठी डॉक्टरांनी वेगळे आकडे लिहून दिले असतील तर तेच पाळा.

आकडा

मधुमेह असलेल्या मुलाच्या मीटरवर ७० पेक्षा कमी दिसलं की उपचार करायचा. लक्षणं असोत वा नसोत, मूल हसत-खेळत असलं तरी. ५४ च्या खाली गेलं म्हणजे मेंदूला साखर कमी पडायला लागली असं समजा आणि एक क्षणही दवडू नका. मूल शुद्धीत नसेल किंवा झटके येत असतील तर आकडा बघत बसायचं नाही. त्याचं पुढे वेगळं लिहिलंय.

मीटर जवळ नसेल आणि शंका आली, तर शुगर लोच आहे असं धरून ग्लुकोज द्या. लो नसताना पाच ग्रॅम ग्लुकोज गेलं तर शुगर थोडी वाढेल, नंतर उतरेल. उलट चूक महाग पडते.

लहान मूल सांगत नाही, वागतं

मोठा माणूस म्हणतो, हातपाय थरथरताहेत, भूक लागली, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडे हे शब्द नसतात. त्याची शुगर खाली जाते तेव्हा ते हट्ट करतं, वस्तू फेकतं, विनाकारण भोकाड पसरतं, किंवा उलट एकदम गप्प होऊन मांडीत येऊन पडतं. चेहरा पांढरा पडतो, विशेषतः ओठांभोवती. कपाळावर आणि मानेमागे गार घाम येतो. डोळे एका जागी लागतात, हाक मारली तर उशिरा बघतं. चालताना तोल जातो, बोलणं जडावतं, चित्राच्या रेघेबाहेर रंग जायला लागतो. काही मुलं नुसती जांभया देतात.

गोची ही की या वयातली सगळीच मुलं हट्ट करतात. म्हणून घरात एक नियम करा: विनाकारण चिडचिड झाली, तर रागावण्याआधी बोट टोचायचं. काही दिवसांत तुमच्या मुलाची स्वतःची खूण तुम्हाला सापडते. आमच्याकडे लेक कानाची पाळी चोळायला लागली की घरातला जो कोणी जवळ असेल तो मीटर आणायला उठतो. प्रत्येक मुलाची अशी एखादी खूण असते. ती सापडली की कागदावर लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे आत्या, काका, शेजारच्या काकू, सगळ्यांना कळेल.

लेकरू पांढरं पडलं, मलूल झालं की घरातली मोठी माणसं मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला उठतात. त्यामागची माया खरी आहे, तिला दुखवू नका. फक्त क्रम ठरवून टाका: आधी शुगर मोजायची, लागलं तर ग्लुकोज द्यायचं, मग दृष्ट.

लो दिसली की काय करायचं

पहिलं, मुलाला आहे तिथंच बसवा. एकटं सोडू नका, मीटर किंवा डबा आणायला त्यालाच पळवू नका. स्कूटरवर बसवून दवाखान्याकडे निघूही नका. शुद्धीत असलेल्या मुलाला आधी घरीच ग्लुकोज.

दुसरं, वजनाप्रमाणे ग्लुकोज. हिशेब दर किलोला ०.३ ग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला ३ ग्रॅम, १५ किलोच्या मुलाला साडेचार म्हणजे सरळ ५ ग्रॅम, २० किलोला ६. इंटरनेटवर सगळीकडे दिसणारा १५ ग्रॅमचा आकडा मोठ्यांचा आहे. तो लहानग्याला दिला तर तासाभरात शुगर अडीचशे-तीनशेवर जाऊ शकते, मग घाबरून जास्त इन्सुलिन दिलं जातं, आणि शुगर पुन्हा खाली येते. ग्लुकोज दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवून चमच्यानं पाजा. ग्लुकोज नसेल तर साखर चालते, पण तिच्यात अर्धंच ग्लुकोज असतं, म्हणून थोडी जास्त घ्यावी लागते. संत्र्याचा गाळलेला रस साधारण अर्धी वाटी, म्हणजे ५० मिलीच्या आसपास, ४-५ ग्रॅम साखर देतो. सोललेलं संत्रं फोडी-फोडीनं खायला दिलं तर त्यातल्या चोथ्यामुळे वेळ लागतो.

चॉकलेट, पेढा, संत्रा बर्फी, आइस्क्रीम, दूध यांतलं काहीही लो असताना पहिलं औषध म्हणून देऊ नका. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. दुसरंही एक कारण आहे. लोच्या वेळी चॉकलेट मिळतं हे चार वर्षांच्या मुलाच्या ध्यानात फार लवकर येतं, आणि मग खरी लो आणि चॉकलेटची लो वेगळी काढणं कठीण होतं. ग्लुकोजची पुडी (कशी करायची ते पुढे आहे) औषधासारखीच द्या.

मूल शुद्धीत आहे, गिळतंय, पण तोंड घट्ट मिटून बसलंय, असं नेहमी होतं. तेव्हा ग्लुकोजमध्ये चार थेंब पाणी घालून घट्टसर लेप करा आणि बोटानं गालाच्या आत थोडा थोडा चोळा. वर्षावरच्या मुलाला मधही असाच चोळता येतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही.

तिसरं, १५ मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. ही १५ मिनिटं फार लांब वाटतात. हात शिवशिवतात, आणखी एक चमचा द्यावासा वाटतो. घड्याळ लावून मुलाला मांडीत घ्या, गोष्ट सांगा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच ग्लुकोज पुन्हा. अंगावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर त्याचा आकडा रक्ताच्या १०-१५ मिनिटं मागे असतो. उपचारानंतर बाण खालीच दिसतोय म्हणून दुसरी पुडी फोडू नका, बोटातून मोजा.

शेवटी, आकडा ७० च्या वर स्थिरावला आणि जेवणाला वेळ असेल तर अर्धी पोळी, दोन बिस्किटं किंवा थोडं दूध द्या. जेवणाची वेळच असेल तर सरळ जेवण. आणि लो झाली म्हणून पुढचं इन्सुलिन मनानं बंद करू नका. टाइप वनच्या मुलाला इन्सुलिन लागतंच. डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना फोन करून ठरवा.

शुद्ध हरपली, झटके आले

तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, चमचा नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलाला एका कुशीवर वळवा, भोवतालच्या टणक वस्तू बाजूला करा, हातपाय दाबून धरू नका. १०८ ला फोन लावा.

ग्लुकागॉनचं, म्हणजे शुगर झटपट वाढवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घरी असेल तर ते मांडीत द्या: २५ किलोच्या आतल्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम, त्यावर १ मिलिग्रॅम. त्याची पावडर सोबतच्या द्रावात मिसळून घ्यावी लागते, म्हणून डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. १०-१५ मिनिटांत मूल शुद्धीवर यायला लागतं आणि बऱ्याचदा उलटी होते, म्हणून कुशीवरच ठेवा. हे औषध महाग आहे आणि प्रत्येक मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही. पुढच्या भेटीत विषय काढा आणि आधीच मागवून ठेवा.

आपल्याकडे मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कॅज्युअल्टी रात्रंदिवस चालू असते. मिहानला एम्स आहे. पण तुमच्या घरापासून रात्री दोन वाजता सगळ्यात लवकर कुठं पोचता येईल, ते आज ठरवा. मानेवाडा, जरीपटका, हिंगणा रोड, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. एकदा जाऊन बघून या, लहान मुलांचे डॉक्टर रात्री असतात का विचारा. पोचल्यावर एका दमात एवढंच सांगा: टाइप वन आहे, शुगर लो आहे, शेवटचं इन्सुलिन अमुक वाजता अमुक युनिट, तोंडातून काही दिलेलं नाही. मग शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, द्यायला उशीर होत नाही.

पुड्या कशा करायच्या

स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर ५ ग्रॅम नीट मोजलं जात नाही, चूक होते. म्हणून एकदम ५० ग्रॅम ग्लुकोज पावडर मोजा आणि ताटात पसरून तिचे दहा सारखे भाग करा. प्रत्येक भाग ५ ग्रॅमचा. मूल १० किलोचं असेल तर ३० ग्रॅमचे दहा भाग. झिपच्या छोट्या पिशव्यांत भरा, वर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा: «शुगर लो – एक पूर्ण पुडी». पावसाळ्यात पावडर दमट होऊन गोळा होते, तेव्हा पुड्या बदला. मुलाचं वजन वाढलं की नव्यानं करा.

या पुड्या एकाच जागी ठेवू नका. स्वयंपाकघर, मुलाच्या उशाजवळचा कप्पा, आजीची पर्स, बाबांच्या गाडीची चावी टांगतो तिथं, शाळेचं दप्तर. पुडीसोबत छोटी पाण्याची बाटली आणि चमचा. आजीला एकदा जवळ बसवून हातानं पुडी पाजायला लावा. «आई, एरवी साखर मोजून द्यायची, पण लो असताना साखर हेच तिचं औषध आहे,» हे वाक्य आमच्या घरी अनेकदा बोलावं लागलं, आणि एकदा पटल्यावर आजीसारखी जागरूक माणूस दुसरी नाही.

संत्रं सोललेला हात

नागपुरात हे मुद्दाम सांगायला हवं. संत्रं सोलल्यावर सालीचा आणि रसाचा अंश बोटावर राहतो. त्याच बोटातून रक्ताचा थेंब काढला तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतं. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं तरी तो अंश पुरता जात नाही. म्हणजे शुगर लो असताना मीटर १५० दाखवू शकतं आणि तुम्ही निश्चिंत राहता. बोट वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, कोरडं करा, मग टोचा. आंबा, द्राक्षं, गोळ्या-चॉकलेटं, सगळ्यांना हेच लागू. आकडा आणि मुलाचा चेहरा जुळत नसेल तर हात धुऊन पुन्हा मोजा.

आपला उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की तीन गोष्टी एकदम बिघडतात. अंग गरम झाल्यावर इन्सुलिन कातडीखालून लवकर रक्तात जातं आणि शुगर अनपेक्षितपणे खाली येते. म्हणूनच इन्सुलिन दिल्यावर लगेच कढत पाण्यानं अंघोळ नको, आणि तेलाची मालिश करताना टोचलेली जागा चोळायची नाही. दुसरं, उन्हानं भूक मरते. मूल दोन घास खाऊन उठतं आणि इन्सुलिन मात्र पूर्ण जेवणाचं दिलेलं असतं. फार लहान आणि लहरी खाणाऱ्या मुलांना काही डॉक्टर जेवणानंतर लगेच इन्सुलिन द्यायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा. तिसरं, बहुतेक मीटर ४० अंशांपर्यंतच नीट चालतात. गाडीच्या डिक्कीत ठेवलेलं मीटर एरर दाखवतं, पट्ट्या खराब होतात आणि इन्सुलिनची ताकद जाते.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरजवळ नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. लाइट जात असेल किंवा फ्रिज नसेल तर मातीचं भांडं कामाला येतं: मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, आणि आत झाकण लावलेल्या डबीत इन्सुलिन. वाळू रोज ओली करा, मडकं सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा.

आणि घाम. दुपारी खेळून आलेलं मूल लाल आणि घामेजलेलं असतं. पांढरं पडलेलं, गार घामानं ओलं असेल तर ऊन लागलं असेल म्हणून कांद्याचा रस लावत बसू नका, बोट टोचा.

रात्र

संध्याकाळी अंबाझरीच्या बागेत किंवा सोसायटीत खूप पळालेलं मूल त्याच रात्री, झोपेत लो होऊ शकतं, कारण स्नायू खेळताना खर्च झालेली साखर तासन्‌तास भरून घेत असतात. अशा दिवशी झोपण्यापूर्वी मोजा, डॉक्टरांनी सांगितलेला खाऊ द्या आणि रात्री दोन-तीनच्या सुमाराला एकदा पुन्हा मोजा. कूलरसमोर झोपलेल्या मुलाची उशी घामानं भिजली असेल, ते झोपेत कण्हत असेल, विचित्र बडबडत असेल, तर उठवा आणि मोजा. सकाळी डोकं दुखतंय म्हणत उठलं, तर रात्री लो होऊन गेली असण्याची शक्यता धरा. निदानानंतरचे पहिले महिने आई आणि बाबांनी रात्री वाटून घ्याव्यात. एकटीनं जागून हे निभत नाही.

शाळा, अंगणवाडी आणि तान्हा पोळा

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना लिहिलं आहे की टाइप वनच्या मुलांना वर्गात शुगर मोजू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळी खाऊ द्यावं. त्याचा आधार घ्या, पण बाईंशी नातं जुळलं की कागद दाखवायची वेळ क्वचित येते. त्यांच्या टेबलावर राहील अशी छोटी चिठ्ठी द्या:

«मॅडम, हिला टाइप वन मधुमेह आहे. हा संसर्गानं होत नाही. ती पांढरी पडली, एकदम गप्प झाली किंवा विनाकारण रडू लागली तर शुगर लो असू शकते. दप्तराच्या पुढच्या कप्प्यातली एक पुडी दोन-तीन चमचे पाण्यात घालून लगेच पाजा आणि मला फोन करा. तिला एकटीला पाणी प्यायला किंवा ऑफिसात पाठवू नका. बेशुद्ध झाली तर तोंडात काही न देता कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. पी.टी.च्या तासाआधी तिला डब्यातलं थोडं खाऊ द्या.»

तान्ह्या पोळ्याला मुलांना घरी बसवू नका. लाकडी नंदी ओढत घरोघरी फिरणं, बोजारा गोळा करणं हा त्यांचा दिवस आहे. निघण्यापूर्वी मोजा, पोटात काहीतरी घाला, सोबतच्या मोठ्या माणसाच्या खिशात दोन पुड्या द्या आणि अर्ध्या वाटेत एकदा मोजा. मिळालेला खाऊ घरी आणून जेवणाच्या हिशेबात बसवता येतो.

मधुमेह नसलेलं मूल

दीड ते पाच वर्षांची, अंगानं बारीक अशी काही मुलं ताप-उलट्यांत रात्री न जेवता झोपली की सकाळी उठवूनही उठत नाहीत; त्यांचीही शुगर खाली गेलेली असू शकते. शुद्धीत असेल तर ग्लुकोज पाजा आणि त्याच सकाळी डॉक्टरकडे न्या. कारण शोधायला लो असतानाचं रक्त फार उपयोगी पडतं, म्हणून आधी दवाखान्यात फोन करून विचारा. पण रक्तासाठी साखर रोखून ठेवू नका.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे आजी-आजोबांच्या शुगरच्या गोळ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांतली एक गोळी दोन वर्षांच्या मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि परिणाम काही तासांनी दिसतो. गोळी गिळल्याची नुसती शंका असेल, मूल ठणठणीत दिसत असेल, तरी पाकीट सोबत घेऊन ताबडतोब दवाखान्यात जा. त्याला साधारण दिवसभर देखरेखीखाली ठेवावं लागतं.

वही आणि खर्च

शंभर पानी वही पुरते. तारीख, वेळ, आकडा, त्याआधी काय खाल्लं, काय खेळलं, कोणतं इन्सुलिन किती, काय दिलं, १५ मिनिटांनी किती. कारण वहीत लिहा, पण ते शोधायचं लो सावरल्यानंतर. एकाच वेळेला पुन्हा पुन्हा लो येत असेल, उदाहरणार्थ रोज अकराच्या सुमाराला, तर डोस बदलायला हवा. पुढच्या तारखेची वाट न बघता वहीचा फोटो डॉक्टरांना पाठवा. शुद्ध हरपण्यासारखी गंभीर लो एकदा जरी झाली तरी त्याच दिवशी कळवा.

पट्ट्यांचा खर्च जड जातो आणि मग मोजणं कमी होतं. तसं होत असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. नागपुरात ड्रीम ट्रस्ट ही संस्था गरजू घरांतल्या टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन आणि साहित्य मिळवून देण्याचं काम करत आली आहे. तिथं चौकशी करा, आणि जाताना निदानाचे कागद आणि ही वही सोबत न्या.